जुन्या पिकअपसाठी स्कॅनर कसा निवडावा

काटोल-नरखेडकडून नागपुरात कळमन्याच्या यार्डात संत्री आणणारी, वाडीच्या गोदामांतून माल उचलणारी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत सुटे भाग पोहोचवणारी पिकअप आठ-दहा वर्षांची झाली की तिचा चेक लाइट अधूनमधून लागू लागतो, चढावर ती लोड ओढेनाशी होते आणि मिस्त्रीचे पहिले वाक्य ठरलेले असते, "स्कॅनर लावून बघावा लागेल." स्कॅनर म्हणजे गाडीच्या संगणकातील बिघाडाच्या नोंदी, म्हणजे कोड, वाचणारे यंत्र. दर वेळी स्कॅनिंगचे पैसे मोजण्यापेक्षा स्वतःचे यंत्र घ्यावे, असे मग मालकाच्या मनात येते आणि त्यात काही वावगे नाही. गडबड होते ती खरेदीच्या क्रमात. बहुतेक जण आधी यंत्राची किंमत आणि खोक्यावर छापलेली ‘सर्व गाड्यांना चालते’ ही ओळ पाहतात, आणि ते घरी आणून लावल्यावर गाडीशी संपर्कच होत नाही. नव्या मोटारीच्या बाबतीत हा क्रम एक वेळ खपून जातो. जुन्या पिकअपच्या बाबतीत मात्र गाडीची पिढी, तिच्या सॉकेटमधील पिना आणि आपल्याला हवी असलेली माहिती या तीन गोष्टी ठरल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नये.

गाडीला स्कॅनर लागू पडतो का

सर्वांत आधी आरसी हातात घ्यावी आणि उत्पादनाचा महिना, वर्ष व प्रदूषण मानक पाहावे. एम-परिवहन ॲपवरही गाडीच्या माहितीत हे मानक दिसते. एप्रिल २०१० मध्ये बीएस-४ मानक देशातील १३ शहरांत लागू झाले. त्या यादीत मुंबई, पुणे आणि सोलापूर होते, नागपूर नव्हते. संपूर्ण देशात हे मानक १ एप्रिल २०१७ पासून आले आणि त्याच दिवसापासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बीएस-३ गाड्यांची विक्री व नोंदणी थांबली. त्यामुळे एमएच-३१, एमएच-४० किंवा एमएच-४९ पासिंगची २०१५-१६ मधील पिकअप दिसायला बीएस-४ गाडीसारखीच असली, तरी आतून बीएस-३ असण्याची शक्यता बरीच असते. पाटीवरील क्रमांक किंवा बॉडीचा आकार पाहून अंदाज बांधण्यात अर्थ नाही.

मानक कळल्यानंतर बॉनेट उघडून डिझेलची व्यवस्था पाहावी. पंपावर ॲक्सिलरेटरची केबल थेट लिव्हरला जोडलेली असेल, पंपातून प्रत्येक नोझलला स्वतंत्र लोखंडी नळी जात असेल आणि नोझलच्या डोक्यावर वायरचा कपलर नसेल, तर तो यांत्रिक पंप आहे. टाटा एसचे मूळचे ७०२ सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन किंवा टाटा २०७ डीआयच्या जुन्या गाड्या या वर्गातील आहेत. अशा इंजिनाला स्कॅनरने विचारण्यासारखे जवळजवळ काहीच नसते. त्या मालकाने तेच पैसे चांगला मल्टिमीटर घेणे, नोझलचे प्रेशर तपासून घेणे आणि पंपाचे कॅलिब्रेशन करून घेणे यांवर खर्च करावेत. त्याच्यापुरता हा लेख येथे संपतो.

याउलट, इंजिनाच्या बाजूने जाड रेल, म्हणजे सर्व इंजेक्टरना डिझेल पुरवणारी सामाईक नळी असेल, तिच्या टोकाला सेन्सर असेल आणि प्रत्येक इंजेक्टरवर दोन वायरींचा कपलर बसवलेला असेल, तर ती कॉमन रेल गाडी आहे. सीआरडीई किंवा सीआरडीआय असे लिहिलेली महिंद्राची पिकअप, २०११ मध्ये आलेली अशोक लेलँडची तीन सिलिंडरची दोस्त किंवा टाटा झेनॉनची डायकोर इंजिनाची गाडी या वर्गात येते. येथे डिझेल किती आणि केव्हा सोडायचे हे ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो आणि त्याच्याशी बोलण्यासाठी स्कॅनर लागतोच.

सॉकेट आणि पिना

डायग्नोस्टिक सॉकेट बहुधा स्टिअरिंगच्या खाली किंवा फ्यूज बॉक्सच्या शेजारी सापडतो. त्याचा आकार समलंब चौकोनासारखा असतो आणि त्यात दोन ओळींत सोळा घरे असतात. वरच्या ओळीत डावीकडून १ ते ८ आणि खालच्या ओळीत ९ ते १६ असे क्रमांक असतात. सोळाही घरांत पिना असतीलच असे नाही, आणि नेमक्या कोणत्या घरात पिन आहे यावरूनच यंत्राची निवड सुरू होते. टॉर्च लावून मोबाइलवर जवळून फोटो काढावा, म्हणजे वाकून मोजत बसावे लागत नाही.

४ आणि ५ या पिना अर्थच्या असतात, तर १६ क्रमांकाची पिन बॅटरीच्या प्लसशी थेट जोडलेली असते. संपर्काची भाषा उरलेल्या पिनांवरून कळते. ६ आणि १४ या दोन्ही घरांत पिना असतील, तर गाडी कॅन या वेगवान पद्धतीने बोलते. तिथे पिना नसून फक्त ७ क्रमांकाला पिन असेल, तर ती के-लाइनवर, म्हणजे आयएसओ ९१४१ किंवा केडब्ल्यूपी २००० या जुन्या आणि संथ पद्धतीने बोलते. काही गाड्यांत दोन्ही असतात, कारण इंजिनाचा ईसीएम एका वाटेने आणि ब्रेकचे एबीएस किंवा चोरी रोखणारा इमोबिलायझर दुसऱ्या वाटेने जोडलेला असतो.

येथेच मल्टिमीटर लावून घ्यावा. इग्निशन बंद असतानाही १६ आणि ४ यांच्यामध्ये बॅटरीचे व्होल्टेज मिळाले पाहिजे. ते मिळत नसेल, तर आधी फ्यूज पाहावा. जुन्या गाड्यांत टेप किंवा हॉर्न बसवताना कुणीतरी नेमकी ही लाइन कापलेली असते आणि दोष विनाकारण स्कॅनरवर जातो. कॅनची गाडी असेल, तर बॅटरीची तार काढून ६ आणि १४ यांच्यामधील रेझिस्टन्स मोजावा. तो साधारण ६० ओहम यायला हवा, कारण लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर समांतर जोडलेले असतात. तो १२० च्या आसपास आला, तर एक टोक तुटले असण्याची शंका घ्यावी. के-लाइनच्या गाडीत इग्निशन चालू करून ७ क्रमांकाच्या पिनेवर बॅटरीच्या जवळपासचे व्होल्टेज दिसले, तर लाइन जिवंत आहे असे समजावे. या तपासणीत वायरिंगचा दोष सापडला, तर यंत्र घेण्याआधी तो दुरुस्त करावा.

एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. सोळा घरांचा सॉकेट आहे म्हणजे गाडी सर्वसामान्य ओबीडीला, म्हणजे सर्व कंपन्यांसाठी ठरलेल्या तपासणीच्या सामाईक भाषेला, उत्तर देईलच असे नाही. अनेक बीएस-३ कॉमन रेल गाड्यांत कंपनीने सॉकेट नेहमीच्या आकाराचा बसवला, परंतु ईसीएमला कंपनीची स्वतःचीच भाषा दिली. अशा गाडीपुढे सर्वसामान्य कोड वाचणारे कोणतेही यंत्र, मग ते कितीही महागडे असो, मुकेच राहते. तिला त्या कंपनीची आणि त्या मॉडेलची स्वतंत्र फाइल असलेले सॉफ्टवेअर लागते.

आपल्याला नेमके काय विचारायचे आहे

स्वतःची एकच गाडी चालवणाऱ्या मालकाला कोड वाचता यावा, तो उमटला त्या क्षणाची स्थिती पाहता यावी आणि चार-पाच सेन्सरांचे चालू आकडे बघता यावेत, एवढे पुरते. पाच-सहा गाड्या पाळणाऱ्या ट्रान्सपोर्टरला यापलीकडे इंजेक्टर एकेक बंद करून पाहणे, ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) किंवा रेडिएटरचा पंखा यंत्रावरून चालवून पाहणे, अशा चाचण्या उपयोगी पडतात. गॅरेजवाल्याला त्याच्याही पुढे जावे लागते. नवा इंजेक्टर बसवल्यावर त्याच्या अंगावर कोरलेला कोड ईसीएममध्ये भरणे आणि चाव्या जोडणे ही कामे यंत्राला लिहिता येत असतील तरच होतात. वाचणारे यंत्र आणि लिहिणारे यंत्र यांच्या किमतींत कित्येक पटींचा फरक असतो, आणि मालकाने लिहिणाऱ्या यंत्राच्या मोहात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ईसीएममध्ये चुकीचे काही लिहिले गेले, किंवा लिहिता लिहिता बॅटरी बसली, तर वाचवलेल्या स्कॅनिंगच्या पैशांच्या अनेक पट खर्च होतो.

गरज ठरवताना एखादा खरा बिघाड डोळ्यांसमोर ठेवावा. समजा, २०१८ ची पिकअप रिकामी असताना उत्तम चालते, परंतु दीड टन माल भरून उड्डाणपुलावर चढताना तिचा दम निघतो आणि चेक लाइट लागतो. कोड येतो पी ००८७, म्हणजे रेलमधील प्रेशर कमी पडले. कोड एवढेच सांगतो. डिझेल फिल्टर चोक झाला, टाकीतील जाळी भरली, लाइन हवा खेचते, पंपावरील कंट्रोल व्हॉल्व्ह अडकतो, पंप थकला, इंजेक्टर परतीच्या वाटेने जास्त डिझेल सोडतो किंवा रेलचा सेन्सरच खोटे बोलतो, यांपैकी काहीही कारण असू शकते. फक्त कोड पाहून सेन्सर बदलणारा मिस्त्री येथे हमखास फसतो.

ज्या यंत्रात ईसीएमने मागितलेले प्रेशर आणि प्रत्यक्ष मिळालेले प्रेशर हे दोन्ही आकडे एकाच आलेखावर दिसतात, ते यंत्र या गुंत्यात खरे कामाला येते. आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना, प्रत्यक्ष प्रेशर सुमारे २५० ते ३५० बार असते आणि दोन्ही रेषा एकमेकींना चिकटून चालतात. भरलेल्या गाडीत तिसऱ्या गिअरला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर मागणीची रेषा वर गेली आणि प्रत्यक्षाची रेषा मागे रेंगाळली, तर तुटवडा खरा आहे आणि तपास टाकी व फिल्टरपासून सुरू करायचा. सेल्फ मारताना प्रेशर साधारण १५० ते २०० बारपर्यंत चढलेच नाही, तर ईसीएम इंजेक्टर उघडत नाही आणि गाडी नुसती फिरत राहते. सर्वसामान्य ओबीडीत जुन्या गाड्या बहुधा फक्त प्रत्यक्ष प्रेशर देतात, मागणीचा आकडा देत नाहीत. म्हणून आपल्या मॉडेलमध्ये ‘मागितलेले रेल प्रेशर’ दिसते का, हा प्रश्न मी खरेदीच्या यादीत सर्वांत वर ठेवीन. काही ॲप प्रेशर किलोपास्कलमध्ये दाखवतात. तिथे ३०,००० हा आकडा दिसला तर दचकू नये, ते ३०० बारच आहेत.

या निमित्ताने एक सूचना सांगणे आवश्यक आहे. यांत्रिक पंपाच्या इंजिनात चालू गाडीवर नोझलची नळी ढिली करून बंद सिलिंडर शोधण्याची आपल्याकडील जुनी पद्धत कॉमन रेलवर कधीही वापरू नये. येथील प्रेशर हजार बारच्याही वर जाते आणि तेवढ्या जोराने सुटलेली डिझेलची बारीक धार कातडीतून थेट आत शिरते. हे काम यंत्रावरून इंजेक्टर बंद करूनच करावे.

बाजारातील यंत्रे

सर्वांत स्वस्त यंत्र म्हणजे सॉकेटमध्ये खोचायचा आणि ब्लूटूथ किंवा वायफायने मोबाइलला जोडायचा डोंगल. त्यातील मूळ चिप ईएलएम ३२७ ही कॅनडातील एल्म इलेक्ट्रॉनिक्सची. आज काही शेकड्यांत मिळणारे बहुतेक डोंगल तिच्या नकला असतात. खोक्यावर ‘आवृत्ती १.५’ असे छापलेले असेल, तर ती नक्कलच, कारण मूळ कंपनीने त्या क्रमांकाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती. नक्कल म्हणजे टाकाऊ असे मात्र नाही. कॅनच्या गाडीवर त्यांतील बरेच डोंगल साधे काम नीट करतात. अडचण येते ती के-लाइनवर. काही नकलांमध्ये के-लाइनची जोडणीच अर्धवट असते किंवा त्या आज्ञा गाळलेल्या असतात, आणि आपली जुनी पिकअप नेमकी तीच भाषा बोलते. म्हणून सॉकेटमध्ये फक्त ७ क्रमांकाची पिन दिसली असेल, तर शेकड्यांतील डोंगल परत करण्याची सोय असल्याशिवाय घेऊ नये. आयफोनवाल्यांनी वायफायचा किंवा ब्लूटूथ लो एनर्जीचा डोंगल घ्यावा. साधा ब्लूटूथ डोंगल आयफोनवरील ॲपशी जुळत नाही.

दुसरा प्रकार वायर आणि छोटा पडदा असलेल्या हातातल्या कोड रीडरचा. मोबाइलची गरज नसल्यामुळे ड्रायव्हरच्या हाती देण्यास तो बरा, परंतु तो सर्वसामान्य ओबीडीपुरताच असतो. घेण्याआधी तो आलेख दाखवतो की नुसते आकडे, हे पाहावे. या वर्गाबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे नाही.

तिसरा प्रकार अनेक कंपन्यांच्या गाड्यांच्या फाइली असलेल्या टॅब्लेट स्कॅनरचा. लाँच, ऑटेल, बॉश ही नावे मिस्त्रींच्या तोंडी असतात. किंमत काही हजारांपासून लाखाच्या घरात जाते, आणि बीएस-३ कॉमन रेल गाडीसाठी बहुधा हाच प्रकार उपयोगी पडतो. मात्र त्यात ‘महिंद्रा’ असा फोल्डर दिसला म्हणजे काम झाले असे समजू नये. परदेशी बनावटीच्या यंत्रांत भारतीय गाड्यांच्या फाइली नंतर घातल्या जातात आणि मोटारींच्या तुलनेत मालवाहू पिकअप मागे राहते. फोल्डर उघडून आपले मॉडेल, आपले इंजिन आणि आपले वर्ष आहे का, ते स्वतः पाहावे. वर्षाची मुदत संपल्यावर अपडेट बंद होते की यंत्रच बंद पडते, हेही लिहून घ्यावे, कारण दोन्ही प्रकारचे करार बाजारात आहेत. स्वस्तात मिळणाऱ्या चोरीच्या सॉफ्टवेअरच्या लॅपटॉप किटपासून लांबच राहावे. ईसीएमशी छेडछाड करताना ते अर्ध्यात अडकले, तर दाद मागायला कुणीही नसते.

कंपनीच्या वर्कशॉपमधील मूळ टूल हा चौथा प्रकार. ते विकत घेण्याचा प्रश्न नसतो, पण इंजेक्टरचे कोडिंग किंवा इमोबिलायझरचे काम वर्षातून एखाद्या वेळी निघते आणि तेवढ्यापुरते तिथे पैसे देणे हाच शहाणपणाचा हिशेब आहे.

घरी मोठा ट्रकही असेल, तर एक काळजी घ्यावी. पिकअप १२ व्होल्टची असते, मोठे ट्रक बहुधा २४ व्होल्टचे, आणि फक्त १२ व्होल्टसाठी बनवलेला डोंगल तिथे जळू शकतो.

पैसे देण्याआधीची चाचणी

यंत्राची खरी परीक्षा आपल्याच गाडीवर होते. दुकानदार त्याला तयार नसेल, तर दुसरे दुकान पाहावे. गाडी रात्रभर उभी राहून थंड झालेली असताना सकाळी जाणे उत्तम, कारण थंड इंजिन फुकटात बरेच काही सांगते. इग्निशन चालू करून, इंजिन सुरू न करता, कूलंटचे तापमान आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान पाहावे. दोन्ही आकडे एकमेकांच्या आणि बाहेरच्या हवेच्या जवळपास असले पाहिजेत. नागपुरात मे महिन्यातील पहाटेही हा आकडा तिशीच्या आसपास असू शकतो. तो उणे ४० दिसला, तर सेन्सरची लाइन तुटलेली आहे. त्यानंतर मॅनिफोल्डमधील, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतील, हवेचा दाब पाहावा. इंजिन बंद असताना तो वातावरणाच्या दाबाइतका असतो, आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवरील नागपुरात तो ९६ ते ९८ किलोपास्कल यायला हवा. हे आकडे जुळले, तर यंत्र खरी माहिती वाचत आहे अशी खात्री पटते. काही नकला आकडे गोठवून ठेवतात. म्हणून इंजिन सुरू करून आरपीएम वर-खाली करावा आणि पडद्यावरील आकडा किती उशिरा हलतो, ते पाहावे. के-लाइनवर तो थोडा रेंगाळणारच; तिथे एका वेळी तीन-चारच आकडे निवडावेत, वीस निवडले तर प्रत्येक आकडा शिळा होऊन येतो.

यानंतर इग्निशन बंद करून एअर फिल्टरजवळील हवेच्या सेन्सरचा कपलर काढावा, गाडी सुरू करावी आणि कोड वाचायला सांगावा. पी ०१०२ किंवा पी ०११३ यांसारखा कोड आला पाहिजे. पुन्हा इग्निशन बंद करून कपलर बसवावा आणि कोड पुसून दाखवायला सांगावा. चेसिस क्रमांक वाचून तो आरसीशी ताडून पाहावा. मात्र जुन्या ईसीएममध्ये तो नसतो, त्यामुळे तो न दिसणे हा यंत्राचा दोष मानू नये. टॅब्लेट स्कॅनर असेल, तर ईजीआर व्हॉल्व्ह उघड-बंद करून त्याचा आवाज ऐकावा. ही सर्व चाचणी बॅटरी चांगल्या स्थितीत असताना करावी. इंजिन बंद असताना १२.४ व्होल्टच्या खाली गेलेली बॅटरी खोटे कोड उभे करते, विशेषतः यू या अक्षराने सुरू होणारे.

बिल घेताना वॉरंटी यंत्राची आहे की केबलची, हे विचारावे. केबल हाच सर्वांत आधी तुटणारा भाग असतो. टॅब्लेट आणि डोंगल उन्हाळ्यात बंद केबिनमध्ये ठेवू नयेत. ४५ अंशांच्या दुपारी काचेमागे ठेवलेल्या यंत्राची बॅटरी फुगते.

यंत्र घरी आल्यावर

कोड दिसताच पुसण्याचा मोह आवरावा. कोडबरोबर त्या क्षणाचे आरपीएम, लोड आणि तापमान ईसीएमने जपून ठेवलेले असते आणि पुसताच तेही जाते. आधी पडद्याचा फोटो काढावा, मग पुढचे काम करावे. बॅटरीची तार काढूनही अनेक गाड्यांत ही नोंद नाहीशी होते, त्यामुळे मिस्त्रीकडे जाण्याआधी तार काढून लाइट घालवण्याचा प्रयोग करू नये. चालत्या गाडीत आकडे पाहायचे असतील, तर शेजारी दुसरा माणूस बसवावा किंवा नोंद रेकॉर्ड करून ठेवावी. काम झाले की डोंगल काढून घ्यावा, कारण १६ क्रमांकाची पिन सदैव चालू असते आणि उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी तो हळूहळू पीत राहतो.

गाडी ठणठणीत असतानाच एकदा तिचे आकडे वहीत उतरवून ठेवावेत: थंड आणि गरम इंजिनाच्या आयडलचे रेल प्रेशर, गरम इंजिनाचे कूलंट तापमान, आयडलला जाणारी हवा, अल्टरनेटरचे व्होल्टेज, आणि भरलेल्या गाडीत ठरावीक चढावरील सर्वाधिक रेल प्रेशर व टर्बोचा दाब. दर फिल्टर बदलीनंतर तीच नोंद त्याच रस्त्यावर पुन्हा घ्यावी. पुस्तकातील प्रमाण आकडे पिकअपसाठी सहज मिळत नाहीत, आणि पुढे बिघाड झाल्यावर मिस्त्रीला ताडून पाहायला हीच पाने लागतात.